दोन लाल बटणं

"दोन्ही हात दाखवा."

रहाटणी-काळेवाडी भागात गेल्या काही वर्षांत ज्यांच्या घरी कार्य झालं, त्यांनी आपला व्हिडिओ नीट ऐकून बघावा. कुठेतरी हे वाक्य सापडेल. नवरा-नवरी खुर्च्यांवर बसली की शूटिंगवाले मामा कॅमेरा चालू करून आधी त्यांना दोन्ही हात वर करायला लावायचे. तळवे समोर, बोटं फाकलेली. मग स्वतःशीच मान हलवायचे आणि म्हणायचे, "हां, बरोबर. आता बसा निवांत." लोकांना वाटायचं, मेंदी नीट यावी म्हणून असेल. पण नवरदेवाला कशाला, मुंजीतल्या बटूला कशाला, बारशाला आलेल्या आत्याबाईंना कशाला, हे कुणी विचारलं नाही. शूटिंगवाल्याचं कोण काय मनावर घेतं? तो सांगेल तसं बसायचं आणि जेवायच्या पंगतीत तो आपल्याकडे वळला की घास खाली ठेवायचा, एवढंच आपल्याला माहीत.

मला कारण माहीत होतं. मी ते कुणाला सांगितलं नाही, कारण त्यात मी स्वतः होतो.

मामा माझ्या नात्यातले नव्हेत. कंपनीत वयाने मोठ्या कामगाराला मामा म्हणतात, तेवढंच. बीडकडचे. डिप्लोमा करून मी चाकणच्या एका छोट्या प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर लागलो, तेव्हा ते तिथले सगळ्यात चपळ ऑपरेटर होते. प्रेस म्हणजे पत्रा कापणारी, वाकवणारी मशीन. तिला समोर दोन बटणं असतात, हातभर अंतरावर. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच ती खाली येते, म्हणजे त्या वेळी माणसाचे दोन्ही हात बाहेर असतात. सोपं आहे. पण त्यात वेळ जातो. म्हणून काही लोक एका बटणात लाकडाची पाचर मारून ते दाबलेलं ठेवायचे आणि एका हाताने पत्रा सरकवत दुसऱ्याने मशीन चालवायचे. दिवसाचा आकडा वाढायचा. सुपरवायझर खूश व्हायचा.

मी खूश होतो. एका सकाळी केबिनच्या काचेतून मला मामांच्या मशीनवरची पाचर दिसली. मी चहा पीत होतो. पेला खाली ठेवला, वहीत मान घातली. जेवायच्या सुट्टीच्या आधी मामांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याशेजारचं आणि मधलं.

त्यानंतर मामा कंपनीत आले नाहीत. मिळालेल्या भरपाईतून त्यांनी जुना कॅसेटचा कॅमेरा घेतला आणि शूटिंगवाले झाले. मी रहाटणीत फ्लॅट घेतला तेव्हा दोन गल्ल्या पलीकडे त्यांची पाटी दिसली आणि मी मान खाली घालून पुढे निघालो. त्यांनी मात्र मला ओळखलं, घरात बोलावलं, पोहे खायला घातले. "साहेब, आता तुमच्या घरचं कार्य माझ्याकडंच," म्हणाले. माझ्या दोन्ही मुलींच्या बारशाचं शूटिंग त्यांनीच केलं. त्या व्हिडिओत मी दोन्ही हात वर करून उभा आहे आणि माझं तोंड पडलेलं आहे. बायको अजून विचारते, असा चेहरा का केला होतास म्हणून.

कॅसेटचा कॅमेरा गेला, मग दुसरा आला, तोही म्हातारा झाला. शेवटी मामांनी नवा कॅमेरा घेतला. मोठा, काळा, कार्यालयांत आणि कंपन्यांत चालतो तसला. घरी आणला त्या दिवशी मला बोलावलं. पाटावर ठेवला होता, समोर नारळ. कुंकू लावलं होतं, पण कॅमेऱ्याला नव्हे, त्याच्या खोक्याला.

"कॅमेऱ्याला का नाही लावलं?"

"हात लावायला भ्याव वाटायलंय, साहेब. नवी मशीन माणसाला वळखत नसती."

मी हसलो. ते हसले नाहीत. चालू केल्यावर आतून बारीक घुंऽऽ असा आवाज आला. मामा मागे सरकले. कॅमेरा तापू नये म्हणून आत पंखा असतो, हे मी माहितीपत्रकात वाचून सांगितलं. "म्हणजे आत फिरायलंय काहीतरी," ते म्हणाले आणि त्यांनी लगेच उजवा हात मांडीखाली घेतला.

पहिल्या आठवड्यात ते रोज संध्याकाळी माझ्याकडे यायचे, कॅमेऱ्याची तक्रार घेऊन. वजन जास्त आहे. बॅटरी किती मिनिटं उरली ते दाखवतो, आणि मिनिटं कमी होताना बघून छातीत धडधडतं. झूमची कळ अंगठ्याशेजारच्या बोटासाठी केलेली आहे. ते बोट मामांना नव्हतं, म्हणून ते करंगळीशेजारच्या बोटाने झूम करायला शिकत होते. पण सगळ्यात मोठी तक्रार वेगळीच होती.

"ह्याला लई दिसतंय, साहेब."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं कसलं? हळदीत नवरदेवाच्या आईवर धरला, तर तिचे डोळे रडून सुजलेले दिसले. मांडवाच्या त्या टोकाला बसली होती ती. नुसत्या डोळ्यानं मला काही दिसलं नव्हतं. आपल्याला काय करायचंय एवढं बघून? बघितलं की मनाला लागतंय."

एकच गोष्ट त्यांना मनापासून आवडली होती. या कॅमेऱ्याला रेकॉर्डिंगची दोन लाल बटणं होती, एक उजव्या मुठीपाशी आणि एक वरच्या दांडीवर. "दोन बटणं हायेत, म्हणजे सेफ हाय," असं ते सगळ्यांना सांगायचे.

मग काळेवाडीत एका साखरपुड्याला घोटाळा झाला. अंगठ्या घालून झाल्या, पेढे वाटून झाले आणि मामांच्या लक्षात आलं की काहीच रेकॉर्ड झालेलं नाही. त्यांनी हात जोडून पुन्हा अंगठ्या घालायला लावल्या. तेही झालं नाही. तिसऱ्यांदा मुलीचे आजोबा म्हणाले, "अहो, आता लग्नच लावून टाका." सगळा हॉल हसला. मामा घामाघूम होऊन माझ्याकडे आले.

"दुकानवाल्यानं फसवलं. मशीनमध्ये खोट हाय."

मी म्हटलं, चालू करून दाखवा. त्यांनी कॅमेरा उचलला, उजव्या अंगठ्याने खालचं बटण दाबलं आणि पाठोपाठ डाव्या हाताने वरचं. लाल दिवा लागला आणि विझला. पुन्हा तेच. ज्या माणसाने उमेदीची वर्षं दोन बटणं एकदम दाबून मशीन चालवली, त्याच्या हातांना दुसरं काय ठाऊक असणार? एकाने रेकॉर्डिंग सुरू होत होतं, दुसऱ्याने बंद.

"मामा, एकच दाबायचं. कुठलंही एक. वरच्यावर पट्टी चिकटवून टाकू, म्हणजे हात जाणार नाही."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी काय बोललो ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

"एक बटण बंद करून मशीन चालवायची, साहेब?"

आम्ही दोघंही त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होतो. पट्टी त्यांनी चिकटवू दिली नाही. त्याऐवजी डावा हात कमरेमागे ठेवून शूटिंग करायची सवय लावून घेतली. तो हात मागे मुठीत वळलेला असायचा, आणि अधूनमधून वर यायला निघायचा. मी एका लग्नात मागे उभा राहून ते पाहिलं आणि मला जेवण गेलं नाही.

त्याच सुमारास आमच्या कंपनीला नवीन कामगारांसाठी सुरक्षेची फिल्म करायची होती. मी तोवर ट्रेनिंगचं काम बघायला लागलो होतो. कंपनी तीच, शॉप तेच. नव्या मशीन आल्या होत्या, पण जुन्या प्रेसपैकी तीन अजून कोपऱ्यात चालू होत्या. मी मामांचं नाव सुचवलं. मला त्यांना काहीतरी द्यायचं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला माझं ओझं उतरवायचं होतं.

मामा दोन दिवस नाहीच म्हणाले. तिसऱ्या दिवशी आले. "तुम्ही बाजूला उभं ऱ्हाणार का?"

"राहतो ना."

गेटवर हेल्मेटचा पट्टा त्यांना लागेना, तो मी लावून दिला. शॉपच्या दारात ते थांबले. प्रेसचा आवाज तुम्ही ऐकला नसेल तर सांगतो, तो कानांआधी तळपायांना कळतो. प्रत्येक ठोक्याला मामांचे डोळे मिटत होते. मलाही भीती वाटत होती, ते पडतील, रडतील, सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवतील. शेवटची भीती सगळ्यात मोठी होती, हेही कबूल करून टाकतो.

पुढच्या नव्या प्रेसवर आम्ही सगळं नीट मांडलं होतं. ऑपरेटरला कोरा युनिफॉर्म, हातमोजे, चष्मा. तो दोन्ही बटणं दाबून दाखवणार होता. मामांनी कॅमेरा उचलला, डावा हात कमरेमागे नेला आणि उजव्या अंगठ्याने एकच बटण दाबलं. दिवा लागला, लागलेलाच राहिला. माझ्याकडे बघून ते किंचित हसले. मग झूम करत त्यांनी कॅमेरा हळूहळू शॉपच्या दुसऱ्या टोकाकडे फिरवला, सगळं शॉप दाखवायला.

कॅमेरा थांबला. मामांच्या मानेवरची शीर फुगलेली मला दिसली. पुढच्या क्षणी कॅमेरा जमिनीवर होता आणि मामा पळत होते. ज्या कॅमेऱ्यावर ते माशी बसू देत नव्हते, तो त्यांनी दगड टाकावा तसा टाकला होता. कोपऱ्यातल्या जुन्या प्रेसपाशी पोचून त्यांनी इमर्जन्सीचं मोठं लाल बटण तळहाताने ठोकलं. मशीन थांबली.

तिथे आमचा एक जुना ऑपरेटर काम करत होता, मीच शिकवलेला. त्याच्या एका बटणात लाकडाची पाचर होती. उजवा हात मनगटापर्यंत आत होता. प्रेस त्या वेळी खाली आली असती की नाही, ते आजही कुणी सांगू शकत नाही. तो म्हणतो, नसती आली. मामांनी त्याचे दोन्ही हात बाहेर काढून आपल्या हातांत घेतले होते आणि ते एकेक बोट चाचपून बघत होते. तो माणूस ओशाळून हसत होता, आणि मग त्याचं हसणं बंद झालं.

परत येताना मामा माझ्या गाडीत मागे न बसता शेजारी बसले. मांडीवर कॅमेरा, पुढची काच फुटलेली. तळवड्याच्या चौकात गाड्या तुंबल्या होत्या. मी म्हणालो, काच कंपनी भरून देईल. त्यांनी मान हलवली.

"साहेब, तवा तुम्ही काचेतून बघितलं होतं. माझ्या मशीनची पाचर."

माझे हात स्टिअरिंगवर होते.

"मला म्हाईत होतं तुम्ही बघितलं ते. मला वाटलं, साहेबानं बघितलंय आन् काही बोलले न्हाईत, म्हणजे चालतंय."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी "चुकलं माझं, मामा" म्हणालो, ते मागच्या हॉर्नमध्ये त्यांना ऐकू गेलं की नाही मला माहीत नाही. त्यांनी खिडकीबाहेर बघत विचारलं, "त्या माणसाला लेकरं किती हायेत?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅमेऱ्यातलं कार्ड आणून दिलं. "हे तुमच्याकडं असू द्या. माझ्याकडं सगळी लग्नंच हायेत, त्यात हे नको." नंतर काच बदलून त्यांनी आणखी दोन वर्षं कार्यं केली. पुढे गावी गेले, आणि मागच्या वर्षी तिथेच वारले. त्यांच्या मुलीने फोन करून कळवलं.

फिल्म आम्ही नंतर दुसऱ्याकडून करून घेतली, चांगली झाली. पण प्रत्येक नव्या तुकडीला मी आधी मामांचंच कार्ड लावून दाखवतो. चित्र सुरुवातीला सुरेख आहे; शॉपचं ते टोक, बटण, त्यातली पाचर, सगळं स्वच्छ. मग सगळं गरगर फिरतं आणि पडद्यावर तिरकी जमीन येते, थोडं तेल, कुणाचे तरी बूट. पोरं हसतात. मशीनचा आवाज तुटतो. आणि पहिला माणसाचा आवाज येतो, चिडलेला: "ए, मशीन कुणी बंद केली?"

त्यानंतर मामांचा. दुरून, धापा टाकत, अगदी हळू. "दोन्ही हात दाखव. दाखव बाबा, दोन्ही."

इथे दरवेळी एकच होतं. न सांगता बाकांवर हात वर येतात, दहा-पंधरा जणांचे, बोटं फाकलेली. आणि कुणीतरी विचारतंच, "सर, तो आधी ओरडला तो कोण?"

ते वाक्य कापून टाकायला दोन मिनिटं लागली असती. मी कापलेलं नाही.

"मी," मी सांगतो. त्या वेळी माझे हात टेबलाखाली असतात. मी ते वर काढून ठेवतो.