वासेकर सरांच्या दुर्बिणीवरच्या खुणा

पॉलिश करायचं बफिंगचं चाक फिरायला लागलं होतं. पितळी नळी त्यावर टेकवणार, तेवढ्यात मी मशीन बंद केलं. नळीवर बारीक रेघा होत्या आणि प्रत्येक रेघेपाशी खिळ्यानं कोरलेलं एक अक्षर. क, र, भ, पुन्हा र. एकूण अकरा.

चंद्रपूरच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळेची उपकरणं दुरुस्त करायचो. वासेकर सर विद्यापीठात खगोलशास्त्र शिकवायचे. रिटायर होऊन चंद्रपूरला आले होते. त्या पावसाळ्यात ते वारले. त्यांनी स्वतः आरसा घासून बनवलेली दुर्बीण घरच्यांनी कॉलेजला दिली. रविवारी स्मृतिसभा होती. मग दुर्बीण काचेच्या कपाटात जाणार होती.

"सलीमभाऊ, नव्यासारखी चमकली पाहिजे," प्रिन्सिपलसाहेबांनी सांगितलं होतं.

ज्या नळीला डोळा लावतात, ती ही नळी. ती मागेपुढे सरकवली की चित्र स्पष्ट होतं, म्हणजे फोकस होतो. अक्षरं ताऱ्यांची असावीत, असं आधी वाटलं. पण तारे इतके लांब, की कुठलाही तारा पाहायला फोकस एकच लागतो. मग अकरा कशाला?

सरांच्या पत्नीला फोन केला. त्या म्हणाल्या, "हिवाळ्यात ते दुर्बीण घेऊन मुलचेऱ्याकडच्या एका गावात जायचे, लोकांना आकाश दाखवायला. तिथल्या कमलबाईंना विचारा."

नळी पिशवीत घालून एसटीनं गेलो. कमलबाई अंगणात धान वाळवत होत्या. नळी त्यांनी लगेच ओळखली.

"हे तं सरांची. सर नाई आले?"

सर गेल्याचं मी सांगितलं. त्या खाली बसल्या. नळीवरून बोट फिरवू लागल्या. मग त्यांचं बोट 'क'वर थांबलं.

"हे माही रेघ. मले चष्मा काढून पाहा लागे. सर नळी सरकवत अन् विचारत, आता दिसते का? दिसलं का तिथंच रेघ मारत. दुसऱ्या साली माही पाळी आली का नळी आधीच रेघेवर लावून ठेवत."

"अन् बाकीच्या?"

"गावातले सारे चष्मेवाले. जसा चष्म्याचा नंबर, तशी रेघ."

परत येऊन साहेबांना रेघांची गोष्ट सांगितली आणि म्हणालो, "पॉलिश नाई करत, साहेब. माणसं पुसली जातीन."

"पाहुणे येणार आहेत, सलीमभाऊ. खरचटलेली वस्तू मांडायची?"

"मंग ह्या अकरा जणांनाबी बोलवा."

साहेबांनी नळी उजेडात धरून एकेक अक्षर वाचलं. "गाडी पाठवावी लागेल," ते म्हणाले.

रविवारी सात जण आले. अष्टमीचा चंद्र संध्याकाळी पाचलाच वर होता. दुर्बीण मैदानात लावली. कमलबाईंच्या पाळीला मी नळी 'क'वर आणली.

"नाई दिसत. धुकट आहे."

मी नळी चाचपली. नळी वाकली की काय?

"अरे, माहं मोतीबिंदूचं आपरेशन झालं ना उन्हाळ्यात! डोळ्याचा नंबरच बदलला."

मी नळी हळूहळू सरकवली. "आता दिसते का, बाई?"

"अजून थोडं. बस, बस! खड्डे दिसून राह्यले."

साहेबांनी नळी घट्ट धरली. मी नवी रेघ मारली.

दुर्बीण कपाटात गेली नाही. मी मात्र शिकलो, उपकरण एकदा दुरुस्त केलं की काम संपत नाही. त्याला लावले जाणारे डोळे बदलत राहतात.