वानखेडे काकांच्या दोन तारखा

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला तरी कसं सांगू — कुठून सुरू करू?

जबलपूरच्या एका खासगी दवाखान्यात मी कॉम्प्युटरचं काम पाहायचो. डायलिसिसच्या पेशंटांना तारखा काढून देणारा प्रोग्राम माझाच. ठरलेले वार घ्यायचे, सुट्ट्यांची यादी पाहायची, महिन्याच्या तारखा काढायच्या. मधे सुट्टी आली तर तारीख पुढच्या कामाच्या दिवसावर जायला हवी. माझ्या प्रोग्राममध्ये ती जात नव्हती — नुसती गळत होती. मी तपासलं नव्हतं. काहून तपासलं नाही? घाई होती, बस.

काउंटरवर कुसुमताई होत्या. राहायला शहरातल्याच गढा भागात, मूळच्या आमच्यासारख्याच नागपूरकडच्या. स्क्रीनवरच्या तारखा पेशंटच्या कार्डावर हातानं उतरवायच्या. शहराच्या टोकाच्या रांझी भागातले वानखेडे काका, फॅक्टरीतून रिटायर झालेले, दर सोमवारी आणि गुरुवारी बसनं यायचे. त्या वर्षी लक्ष्मीपूजन सोमवारी आलं, भाऊबीज गुरुवारी.

ताई कार्ड घेऊन माझ्याकडे आल्या. "अरे, काकांचे दोन दिवस दिसत नाही. मधे अकरा दिवस जाऊन राहिले. बरोबर आहे का हे?"

मी मान वरसुद्धा केली नाही. "कॉम्प्युटर चुकत नाही, ताई. आहे तसं लिहा."

त्यांनी लिहिलं.

शनिवारी काकांना रिक्षातून आणलं. अंग सुजलेलं, श्वास लागलेला. संध्याकाळी ते गेले.

इथवर चूक म्हणता येईल. पण पुढचं? रविवारी दवाखान्यात कोणी नसताना मी गेलो आणि प्रोग्राम दुरुस्त केला. दहा मिनिटं लागली — फक्त दहा. आता स्क्रीनवर काकांच्या दोन्ही तारखा नीट दिसत होत्या, मंगळवार आणि शुक्रवार. कार्डावर मात्र नव्हत्या. आणि कार्डावर अक्षर कुसुमताईंचं होतं.

सोमवारी मोठ्या साहेबांनी दोघांना बोलावलं. काकांचा मुलगा तिथेच बसला होता. ताई म्हणाल्या, "सर, मैंने इनसे पूछा था."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मुझे याद नहीं, सर."

ताई माझ्याकडे पाहत राहिल्या — रागानं नाही, रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्याच दिवशी त्यांना काढलं. मुलगा त्यांना म्हणाला, "दो तारीखें थीं, दीदी. बस दो." मी शेजारीच उभा होतो. तेव्हाही बोललो नाही.

नंतर एकदा त्या बाजारात समोर आल्या. थांबल्या. "कसा आहेस?" म्हणाल्या. ठीक आहे, म्हणालो. त्या अजून थोडा वेळ उभ्या होत्या. कशासाठी, ते मला कळत होतं. मी भाजीवाल्याला मेथीचा भाव विचारला.

त्या अजून गढ्यातच राहतात. घर मला माहीत आहे.