अर्धी पांढरी रेघ

गवतावर पाय ठेवण्याआधी चपला काढायच्या. दहा काप झाले की सुरीचं पातं बदलायचं आणि जुनं चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात टाकायचं. गवताचा पट्टा उलगडला की त्याची लव कुठे झुकलीय ते बघायला त्यावरून तळहात नाही, हाताची पाठ फिरवायची. लेव्हलच्या बुडबुड्यानं जमीन सपाट असल्याचं सांगितलं, तरी एक काचेची गोटी सोडून तिचंही मत घ्यायचं.

गवत्याच्या या सवयी त्याच्या बायकोला पाठ होत्या. वर्षभरात त्यांत भर पडली होती. गोटीकडे तो आता बघत नसे, ती कुठे जाते ते ऐकत असे. पाणी ओतताना पेल्याच्या काठाला बोट लावून ठेवत असे. समोर कोणी आलं की ते माणूस बोलेपर्यंत गप्प राहत असे. ती हे सगळं बघत होती. झाकली मूठ तिनंही झाकूनच ठेवली होती.

लोकांच्या घरामागे कृत्रिम गवताची कोर्टं बसवायची, हा त्यांचा बावीस वर्षांचा धंदा. पट्ट्याच्या पुढच्या टोकाला तो, मागच्या टोकाला ती. पहिल्याच आठवड्यात तिनं मध्येच तोंड घातलं होतं आणि एक पट्टा वाया गेला होता. तो तेव्हा म्हणाला होता, "एका पट्ट्याला दोन शहाणे चालत नाहीत." त्यानंतर कामावर तिनं त्याला कधी टोकलं नाही. तो "ओढ" म्हणाला की ती ओढायची.

या वेळचं काम एका दातांच्या डॉक्टरचं होतं. त्याच्या दोन मुलींना खेळायला घरामागे कोर्ट हवं होतं. माती खणून झाली, खडी पसरली, वर बारीक कच टाकून रोलर फिरवला. डॉक्टर रोज सकाळी दवाखान्यात जाण्याआधी डोकावायचा.

"काका, माझ्या पेशंटच्या दातांपेक्षा तुमची खडी सरळ बसलीय."

"दातांना मुळं तरी असतात, डॉक्टर. माझ्या गवताला तीही नाहीत."

पट्टे आठ होते. कापडासारखी या गवतालाही लव असते. सगळ्या पट्ट्यांची लव एकाच दिशेला झुकलेली हवी. एक जरी उलटा बसला, तरी उजेडात तो वेगळाच, काळपट दिसतो. म्हणून ती प्रत्येक पट्ट्याचं टोक दुमडून त्याच्या पाठीवर लवेच्या दिशेचा खडूनं बाण काढायची.

पाचव्या पट्ट्याचा बाण उलटा होता. बाण गवत्याच्या डोळ्यांसमोर होता. त्यानं नेहमीसारखी हाताची पाठ फिरवली. ती पाठ गोंदानं तडकून सोललेली होती, लव तिला कळली नाही.

"ओढ," तो म्हणाला.

तिला बाण दिसला. क्षणभर ती थांबली. टोकलं असतं, तर बाण कसा दिसला नाही हे त्याला सांगावं लागलं असतं. तिनं ओढला. दोन्ही सांध्यांवर गोंद फिरला.

पंधरा मिनिटांनी वरच्या गच्चीवरून डॉक्टरच्या धाकट्या मुलीनं विचारलं, "काका, मधला एक पट्टा काळा का दिसतोय?"

"ओला असेल गं," तो म्हणाला. मान वर करून म्हणाला, पण गच्चीकडे नाही. शेजारच्या बंद खिडकीकडे बघून.

मुलगी आत गेली. तो हळूच म्हणाला, "उलटा आहे का?"

"हो."

"तुला दिसलं होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला दिसत नाही, हे मला बघायचं नव्हतं."

तो गुडघ्यांवर बसला. गोंद अर्ध्या तासात धरतो. मग पट्टा काढायला गेलं की शेजारचेही फाटतात. पंधरा मिनिटं गेलीच होती.

"हे बाहेर कळलं, तर उद्यापासून मला कोणी कुंडीतसुद्धा गवत लावू देणार नाही," तो म्हणाला. "चल. उचल."

त्यांनी नखांनी सांधे सोडवले. गोंद तारांसारखा ओढला जात होता. तिच्या बोटांची सालटी निघाली. पट्टा उचलून त्यांनी फिरवला, परत बसवला, आणि दोघं सांध्यांवर गुडघे टेकून दाबत राहिले. तशा अवस्थेत तिनं अखेर विचारलं.

"किती दिसतं?"

"उजव्यानं काही नाही. डाव्यानं नळीतून बघावं तसं."

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला होतात?"

"वर्ष झालं. गेलं ते येत नाही, म्हणाला. उरलंय ते थेंब घालून सांभाळा."

"आणि थेंब?"

तो सांधा चाचपत राहिला. "आणले असते तर घरात बाटली दिसली असती तुला."

तिचं दाबणं थांबलं.

गोंद धरला. पट्टा बसला होता. आता मधली रेघ राहिली होती. दोन टोकांच्या खिळ्यांना दोरी ताणून तिच्या कडेनं गवत कापायचं आणि त्या जागी पांढरी पट्टी चिकटवायची.

"रेघ मीच कापणार," तो म्हणाला. "ही तरी."

तिनं दोरी ताणून दिली. तो रांगत पुढे सरकला. एका हाताची बोटं दोरीवर, दुसऱ्या हातात सुरी. मागून ती पांढरी पट्टी बसवत येत होती. अर्ध्यापर्यंत रेघ सरळ होती. मग त्याचा हात थकला. बोटं दोरीवरून सुटली, सुरी तिरकी निघाली, आणि त्याला ते कळलं नाही.

"थांबा," ती म्हणाली.

त्या पहिल्या आठवड्यानंतर, बावीस वर्षांत पहिल्यांदा.

सुरी थांबली. "किती गेलं बाहेर?"

"चार बोटं."

त्यानं चाचपत डबा शोधला. दहा काप व्हायचे होते, तरी पातं काढून आत टाकलं. "उरलेली उद्या," तो म्हणाला.

चार बोटांचा तो काप तिनं दुसऱ्या दिवशी सांधून दिला. थेंबांची बाटली आता त्यांच्या स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीशेजारी असते. रेघ पुरी करा म्हणून दातांच्या डॉक्टरनं दोनदा निरोप पाठवला. हात तिचाही सरळ चालतो, सुरी घरातच आहे. पण रेघ त्यानं स्वतःसाठी मागून घेतली होती, म्हणून ती गेली नाही. त्या कोर्टावर मुली खेळतात. मधली रेघ अर्ध्यापर्यंत पांढरी आहे, आणि पुढे खिळ्यापर्यंत नुसती दोरी ताणलेली आहे.