खारी, क्रेट आणि बंद घरातला आवाज

आमच्या घरात आम्ही चौघं राहतो आणि चौघांत सर्वांत समजूतदार जी आहे ती कुत्री आहे. हे मी गमतीने म्हणत नाही. गमती करण्याइतकी ताकद माझ्यात आता उरलेली नाही.

तिचं नाव खारी. रंग बेकरीतल्या खारीसारखा, म्हणून. माझ्या मुलीने, जुईने, ती मैत्रिणीकडून आणली तेव्हा जेमतेम ओंजळीत मावत होती. मी सकाळी मानपाड्याला माझ्या वर्कशॉपवर जातो (ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, शून्यातून उभं केलंय, डोक्यावर साहेब नाही). बायको, विद्या, ठाण्याला बँकेत. जुई कॉलेजात. म्हणजे कळव्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये दुपारभर खारी एकटी. आणि बरोब्बर आमच्या खाली सबनीस.

सबनीस हे सोसायटीचे सेक्रेटरी. निवृत्त आहेत, दुपारी झोपतात. त्यांच्याबद्दल एक गोष्ट आताच सांगून टाकतो, मनात ठेवली की मला पित्त होतं. मागे आमच्या जिन्याच्या सगळ्या खिडक्या बदलल्या. खिडक्या बनवणारा माणूस तिसऱ्या मजल्यावर राहतो! काम दिलं कोणाला? बाहेरच्या पार्टीला! मी विचारायला गेलो तर सबनीस शांतपणे म्हणाले, "अहो, तुमच्याशी भाव कोण करणार?"

असो. (असो म्हणजे काय, अजून जळतोय मी.)

खारी आल्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी सबनिसांनी बेल वाजवली.

"दुपारी कोणीतरी रडत होतं वर. कोणी आजारी आहे का?"

"टीव्ही राहिला असेल चालू," मी म्हणालो.

"टीव्ही भुंकतो?"

"नवीन आहे."

दार लागलं आणि विद्याने निकाल दिला. "ही विचारपूस झाली, म्हणून सोडते. पण खरी तक्रार आली ना, एक जरी, तर पिल्लू परत जाणार. मला रोज जिन्यात तोंड दाखवायचं असतं."

जुईचा चेहरा एवढासा झाला. खारीला पोटाशी धरून ती म्हणाली, "बाबा, तुम्ही काहीतरी करा ना."

माझ्या आयुष्यातल्या सगळ्या दगदगीची सुरुवात याच वाक्याने होते.

"क्रेट ट्रेनिंग करू या," जुईने समजावलं. "क्रेट म्हणजे आपलं घर, असं पिल्लाला वाटलं की ते त्यात शांत राहतं. उद्या येताना क्रेट आणाल?"

"एवढंच ना?"

दुसऱ्या दिवशी मी मार्केटात उभं राहून भाजीवाल्याशी अशी घासाघीस केली की शेवटी त्याने हात जोडले. घरी आलो तो छाती काढून. एकाच्या भावात दोन क्रेट!

"बाबा! हे टोमॅटोचे आहेत!"

"क्रेट तो क्रेट!"

"याला दार कुठंय?"

"दार कशाला हवं? उपडा घाल तिच्यावर. झालं घर."

घातला. लाल क्रेट हलला, आणि कासवासारखा हॉलमधून निघाला. सोफ्याला धडकला, वळला, पॅसेजमधून स्वयंपाकघरात शिरला. विद्या पोळ्या लाटत होती. तिला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं.

"अहोऽऽ! क्रेट चालतोय!"

पुढच्या सगळ्या पोळ्या करपल्या. मी त्या मुकाट्याने खाल्ल्या.

मग ठाण्याच्या एका दुकानात गेलो. क्रेट छान होता, पण दुकानदार म्हणाला, "फिक्स रेट." हे दोन शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. मी ताडकन बाहेर पडलो. तो मागून हाक मारेल म्हणून हळूहळू चाललो. कोपऱ्यावर बुटाची नाडी बांधत थांबलो (पायात चपला होत्या). हाक काही आली नाही.

मग म्हटलं, खिडक्या बनवणारा माणूस मी, मला काय अवघड? वर्कशॉपमध्ये स्वतः उभं राहून क्रेट बनवला. सरकतं दार, डासांची जाळी, रुळावर चाकं. माझं दार एका बोटाने सरकतं, अशी मी गिऱ्हाइकांना गॅरंटी देतो. ते नाकानेही सरकतं, हे खारीने पहिल्याच दुपारी सिद्ध केलं. संध्याकाळी आम्ही आलो तेव्हा ती सोफ्यावर होती आणि उशीतला कापूस सगळीकडे होता.

कडी लावली. आता खारी आत जायची, खायची, अंगाचं मुटकुळं करायची. सगळं झकास. पण आम्ही दाराबाहेर पडलो की बारीक आवाजात सूर लावायची. सबनीस जिन्यात भेटले की माझ्याकडे बघून नुसते जांभई द्यायचे. ही तक्रार धरायची की नाही, यावर घरात दोन तट पडले.

"घरातल्या माणसाचा आवाज ऐकवला की पिल्लं शांत होतात म्हणे," जुईने नवीन शोध लावला. "बाबा, मोबाइलमध्ये काहीतरी प्रेमाने बोला."

मी घसा खाकरला. "खारी. शांत बसावे. मालक लवकरच येत आहेत."

ते ऐकून खारी कॉटखाली जाऊन बसली.

"राहू दे," जुई म्हणाली. "मी बघते काय ते."

तिने काय बघितलं मला माहीत नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने जुना टॅब कुठेतरी ठेवून चालू केला, आणि खारी गप्प झाली ती गप्पच! "तुमचा रोजचा आवाज लावलाय," एवढंच जुई म्हणाली. मी फुगलो. वर्कशॉपमध्ये सगळ्यांना सांगत सुटलो, "माझ्या आवाजाने कुत्री झोपते माझी!" कोणी काही बोललं नाही. पगार मी देतो.

आणि मग एका दुपारी समोरच्या म्हात्रे वहिनींचा फोन.

"भावजी, घरात कोण आहे तुमच्या?"

"कोणी नाही. कुलूप आहे."

"कुलूप दिसतंय मला. पण आत पुरुषमाणूस ओरडतोय! 'शेवटचं विचारतो, सोडतोस की उचलून नेऊ?' असं म्हणतोय."

"चोर?"

"चोर एवढा भांडेल कशाला?"

"कोणाशी भांडतोय?"

"समोरचा बोलतच नाही हो. बहुतेक बांधून घातलाय त्याला!"

मी स्कूटर काढली. शिळफाट्याला नेहमीसारखी गाड्यांची भिंत. मी घामाघूम, आणि डोळ्यांसमोर खारी. चोराने तिला काही केलं तर जुईला काय सांगू? त्या जाममध्ये मी एका टेम्पोवाल्याशी, एका रिक्षावाल्याशी आणि शेवटी सिग्नलच्या खांबाशी भांडलो.

बिल्डिंगमध्ये पोचलो तर आमच्या दाराबाहेर म्हात्रे वहिनी, वॉचमन आणि झोपमोड झालेले सबनीस. जुईसुद्धा कॉलेजातून नुकतीच येऊन जिना चढत होती.

"पोलिसांना बोलावू का?" सबनीस म्हणाले.

"थांबा!" मी दाराला कान लावला. आतून खरंच एक खरखरीत, भसाडा आवाज येत होता. ऐकूनच तिडीक आली.

"कोण आहे रे?" मी दारावर थाप मारली. "बाहेर ये!"

आतून उत्तर आलं, "आधी भाव सांग!"

"कोणाला भाव विचारतोस?"

"तुलाच! घाबरतो की काय मी?"

"माझ्या घरात घुसून मलाच दरडावतोस?"

"आवाज खाली! धंदा करतो मी, भीक नाही मागत!"

असला निर्लज्ज माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. वॉचमनची काठी हिसकावून मी किल्ली लावायला गेलो, तेवढ्यात म्हात्रे वहिनी हळूच म्हणाल्या, "भावजी, मला आपलं वाटतंय हां... दोन्हीकडून तुम्हीच बोलताय."

मी जुईकडे बघितलं. जुई जिन्याच्या खिडकीकडे बघत होती.

"बाबा, रस्ता खोदतायत ना खाली, म्हणून मी सकाळी आवाज जरा वाढवला," ती पुटपुटली. "काचेचा माल अडवला म्हणून काचवाल्या शेठशी तुम्ही फोनवर बोलत होतात ना जेवताना, ते आहे. पण बाबा, दार आत्ता उघडू नका."

"का?"

"पुढे... जेवणानंतरचं पण आहे."

पण किल्ली फिरली होती. दार उघडलं आणि माझा आवाज सगळ्या मजल्यावर दणदणीत पसरला.

"आणि तो खालचा सबनीस! खिडकीतला ख कळत नाही आणि म्हणे टेंडर! दुपारी झोपतो ते झोपतो, मीटिंगमध्येही घोरतो!"

मग टॅबमधून विद्याचा आवाज. "अहो, हळू. खाली ऐकू जाईल."

"जाऊ दे! ऐकू दे त्याला!"

त्याला ऐकू गेलं. तो माझ्या खांद्याला खांदा लावून उभा होता. मी टॅब शोधायला धावलो. सोफ्याखाली नाही, टीव्हीमागे नाही, आणि टॅबमधला मी मात्र सबनिसांच्या ढेरीपर्यंत पोचलो होतो. शेवटी जुईने स्टुलावर चढून कपाटावरचा टॅब बंद केला.

क्रेटमध्ये खारी चारी पाय वर करून झोपली होती.

सबनीस आत आले. जाळीतून तिच्याकडे बघत उभे राहिले. जुईने माझा हात घट्ट धरला. आता तक्रार येणार, आणि खारी जाणार. मला माफी मागायला हवी होती, पण माफी मागायची सवय नसल्यामुळे तोंडातून निघालं, "बसा ना. चहा?"

"या पिल्लाबद्दल," सबनीस म्हणाले, "माझी कसलीही तक्रार नाही. एवढ्या कलकलाटात ती झोपू शकते. मला तिच्याकडून शिकायला हवं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचं काय करायचं ते तुमच्या मिसेसना विचारा."

खारी राहिली. विद्याने टॅब माळ्यावर टाकला आणि माझ्याशी दोन दिवस फक्त जुईमार्फत बोलली.

मला चिंता वेगळीच. आवाज बंद झाल्यावर खारी पुन्हा रडली तर? म्हणून आम्ही तिघं तिला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी सगळं ऐकलं, खारीच्या कानामागे खाजवलं.

"घाबरू नका. तिला क्रेटची सवय झालीय, आता आवाजाशिवायही राहील."

"पण डॉक्टर, माझ्या आवाजानेच झोपायची ना ती?" मी जरा अभिमानाने विचारलं.

डॉक्टर चाचरले. "झोपायची म्हणजे... कोणी फारच तावातावाने बोलायला लागलं की काही पिल्लं डोळे मिटून पडून राहतात. म्हणजे समोरचा आपोआप थांबतो."

"आई पण तेच करते!" जुई म्हणाली.

मी भडकलो. हा सरळसरळ आरोप होता! आजवर घरासाठी काय काय केलं, कोणाकोणाशी भांडलो, सगळं एका दमात ऐकवायला मी विद्याकडे वळलो.

ती खुर्चीत बसल्याबसल्या गाढ झोपली होती.