आधी माझी जिनिंग मोजा

नशिराबादजवळ महामार्गावर चहाला थांबलो होतो, तेव्हा प्रकाशचा फोन आला. ‘अक्का गेली,’ एवढंच म्हणाला. प्रकाश त्यांचा मुलगा, पण तोही आईला अक्काच म्हणायचा. मी कर सल्लागार, राहणार जळगावचा. धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी असलेल्या अक्कांच्या जिनिंगचं करांचं काम माझ्याकडे. गावाचं नाव इथे लिहीत नाही, कारण या हकिगतीत दुखावले गेलेले बरेचजण अजून तिथे नांदताहेत. अक्का मला ‘वकील’ म्हणत. मी वकील नाही, हे त्यांना ठाऊक होतं. ‘पण वाद तर घालतोस ना,’ म्हणायच्या...

भडगावकडच्या शेतकरी घरातली ही मुलगी लग्न होऊन त्या गावात आली आणि नवरा अकाली गेल्यावर सासऱ्यांची कापसातली सरकी काढायची जिनिंग चालवायला लागली. ऑफिसात स्वच्छ मराठी, शेतकऱ्यांशी अहिराणी, आणि संतापल्या की सगळ्यांशीच अहिराणी. चहा अर्धा कपच पाजायच्या, पण काटा चोख. वजनात कुणी बोट घातलं, तर तो माणूस दुसऱ्या दिवशी जिनिंगमध्ये दिसत नसे. कर वाचवायचे मी सुचवलेले मार्ग त्या शांतपणे ऐकून घेत, त्यातले बरेचसे मान्यही करत. तेव्हा त्या चारचौघांसारख्या धंदेवाल्या होत्या. पुढे जे घडलं ते एका आगीमुळे.

ऐन हंगामात, भर दुपारी जिनिंगच्या आवारातल्या कापसाच्या गंजीला आग लागली. वारा मागच्या वस्तीकडे वाहत होता. वस्तीत हमाली करणारी, गाद्या भरणारी मुसलमान कुटुंबं; पत्र्याची आणि कुडाची घरं. जळता कापूस उडून छपरांवर पडला. नगरपालिकेचा बंब आला, पण गावाला बंब एकच. तो जिनिंगच्या फाटकातून आत शिरला आणि कापूस विझवत राहिला. वस्तीपर्यंत पोचेतो तिथली घरं बसली होती. माणसं वाचली, संसार गेले. मी दुसऱ्या दिवशी पोचलो, तेव्हा अक्का आवारात उभ्या होत्या. विम्याबद्दल बोलायला मी तोंड उघडलं, तर म्हणाल्या, ‘आपला कापूस वाचना, अनि त्यासना घरं जयनात... गावले बंब एकच कसा शे रे?’ आपला कापूस वाचला नि त्यांची घरं जळाली, हेच त्यांच्या डोक्यात होतं.

पालिकेकडे पैसा नाही, मी म्हणालो. का नाही, त्यांनी विचारलं. मग मला सांगावं लागलं. गावातल्या बड्या जिनिंगा, तेलगिरण्या, गोदामं यांची करपट्टी अजून जुन्या मोजणीवर बसते. अक्कांचीही. सासऱ्यांच्या काळात जिथे एक पत्र्याची शेड होती, तिथे आता गोदामांची रांग उभी होती. पट्टी मात्र त्या शेडचीच. अक्का म्हणाल्या, ‘आधी माझी जिनिंग मोजा म्हणून अर्ज दे.’

‘अक्का, स्वतःहून कर वाढवून मागणारा पक्षकार मी आजवर पाहिला नाही.’

‘मग आता पाहून घे.’

एक जिनिंग मोजली की शेजारची न मोजून चालत नाही, हे सगळ्यांना कळत होतं. नेमक्या त्याच सुमारास गावाबाहेर येऊ घातलेल्या एका मोठ्या कापड कंपनीला करमाफी मिळावी, आणि तीच आपल्यालाही मिळावी, म्हणून कारखानदारांचं निवेदन फिरत होतं. पालिका मात्र तूट भरून काढायला घरांची पाणीपट्टी वाढवणार होती. अक्कांनी निवेदनावर सही केली नाही. उलट पालिकेच्या जाहीर सुनावणीत उभ्या राहून सांगितलं, ‘जिच्या घरात नळाला धड पाणी येत नाही, ती माझ्या गोदामाचा कर भरतेय. मला याची लाज वाटते.’ त्यानंतर व्यापाऱ्यांनी त्यांच्याकडे कापूस पाठवणं बंद केलं. प्रकाश चिडून धुळ्याला निघून गेला. जाताना म्हणाला, ‘गावाचं भलं करता करता घर बुडवशील.’ अर्ज मागे घ्या, असं मीही सुचवलं. ‘भ्यायला लागला का वकील?’ म्हणून त्या हसल्या. पण त्या हंगामात मी त्यांना पहिल्यांदा थकलेलं पाहिलं.

जिनिंग तरली ती शेतकऱ्यांमुळे. काटा चोख असल्याची ख्याती शिरपूरपर्यंत पोचलेली. ट्रॅक्टर थेट येऊ लागले. मोजणी झाली, सगळ्यांची झाली. पाणीपट्टीची वाढ मागे घेतली गेली, गावात दुसरा बंब आला. कापड कंपनीची माफी मात्र वरूनच मंजूर होऊन आली, तिला कुणी हात लावू शकलं नाही. ती सल अक्कांना शेवटपर्यंत होती. जळगावात उद्योजकांच्या एका मेळाव्यात वक्ते म्हणाले, अब्जाधीशांवर जास्त कर लावला तर ते देश सोडून जातील. अक्का जागेवरूनच बोलल्या, ‘जाऊ द्या की! कारखाना काय पाठीवर बांधून नेतील? कापूस तर इथेच पिकतो.’ सभागृह हसलं. त्या हसल्या नाहीत. परतताना गाडीत म्हणाल्या, ‘माझ्यासारखीला मोजायला टेप पुरतो रे... त्यांना मोजायचं तर सरकारलाच छाती लागते.’

प्रकाश दोनेक वर्षांनी परत आला. दोघांत माफी वगैरे काही झाली नाही. अक्कांनी त्याला काट्यावर बसवलं, एवढंच.

परवा त्याला भेटायला गेलो. जिनिंगमधल्या अक्कांच्या खोलीत मी नेहमी बसत आलो, पण आगीनंतर त्यांची खुर्ची दाराकडे पाठ करून का असायची, हे कधी विचारलं नव्हतं. प्रकाशने सांगितलं. तेव्हाच त्यांनी मागची भिंत फोडून वस्तीच्या बाजूला खिडकी पाडून घेतली होती आणि खुर्ची तिकडे वळवली होती. आम्ही बोलत असतानाच त्या खिडकीतून वस्तीतल्या हमीदाबी डोकावल्या. त्यांचंही घर त्या आगीत गेलं होतं. त्यांनी विचारलं, ‘अक्का गई... अब ये खिडकी बंद करोगे क्या, बेटा?’

‘नहीं, खाला,’ प्रकाश म्हणाला. मग माझ्याकडे पाठ करून तो त्या खुर्चीत बसला आणि हमीदाबींच्या सुनेची तब्येत विचारू लागला.