अठरा गुरुवारचे डबे

"आत नाही येत गं. मंगळवारचा उपास आहे, पाणीसुद्धा नको," वैशाली म्हणाली आणि डबा पायपुसण्यावर ठेवला.

माझा हात पुढे झालेला होता. तिने तो पाहिला. तरी खालीच ठेवला.

प्लॅस्टिकचा डबा. फेकून द्यायचा. "परत देऊ नकोस हं. तुझी इम्युनिटी कमी ना आता."

मी वाकून उचलला. ऑपरेशनला सात आठवडे झाले होते. वाकताना पोटात अजून ओढ बसायची.

अंडाशयाचा कॅन्सर. थर्ड स्टेज. सहा केमो, दर एकवीस दिवसांनी. दोन झाल्या होत्या. तिसरीनंतर स्कॅन, आणि पुढचं सगळं त्या स्कॅनवर. केमोआधीच्या इंजेक्शनने गुंगी येते, म्हणून हॉस्पिटल एकटीला घरी सोडत नाही. फॉर्मवर 'सपोर्ट पर्सन' असा रकाना असतो. नवरा वेअरहाऊसमध्ये शिफ्टला. त्याची सगळी रजा ऑपरेशनच्या वेळीच संपली. मुलगी शाळेत, लायसन्स नाही. इथल्या, ऑस्ट्रेलियात वेरिबीतल्या, आमच्या मराठी मंडळाचं सगळं वैशाली बघते. ती आपणहून म्हणाली होती, "मी आहे ना. मी नेईन, मी आणीन." मी रकान्यात तिचं नाव लिहिलं.

मंडळात कुणी आजारी पडलं की डब्यांच्या पाळ्या लागतात. त्याची ऑनलाइन शीट मीच बनवलेली. तीन वर्षांपूर्वी अनुजाला ब्रेस्ट कॅन्सर झाला तेव्हा. तारीख, नाव, पदार्थ, डबा परत केला का. अनुजाची केमो अठरा आठवडे चालली. गुरुवार माझा. अठरापैकी एकही चुकला नाही. तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा, झाकणावर माझ्या आईचं नाव कोरलेलं. दर वेळी स्वच्छ धुऊन परत यायचा. मला बरं वाटायचं. जेवली बिचारी.

आता माझ्या घरी डबे येत होते. मोजायची सवय आहे, पगारपत्रकं करण्यात आयुष्य गेलं. अकरा डबे, सात बायका. अकराही प्लॅस्टिकचे. अनुजाचीही केमोच होती. मग तिला स्टीलचे कसे चालले?

मी अंदाजावर बोलत नाही. जुनी शीट उघडली. अनुजाला गेलेला प्रत्येक डबा परत आला होता. तशी नोंद होती. आणि बाजूला बंद केलेल्या टिपा, म्हणजे कॉमेंट्स, दिसल्या. टीप बंद केली की पुसली जाते असं वैशालीला वाटलं असावं. पुसली जात नाही. शीट माझ्या नावावर आहे.

पहिल्या गुरुवारी, माझ्या नावापुढे, वैशालीने अनुजाला लिहिलं होतं:

"गुरुवारी मीही पाठवते. तेच जेव. हिच्या घरचं कळलंय ना तुला."

खाली अनुजा: "हो गं. थँक्स."

हिच्या घरचं. आम्ही बौद्ध. घर घेतलं तेव्हा मंडळाच्या बायका आल्या होत्या. हॉलमधला निळ्या कोटातला फोटो पाहून एकीने हातातली पुरी खाली ठेवली. पोट भरलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

अठरा डबे. कचऱ्याच्या बिनमध्ये. नंतर माझ्या आईचं नाव घासून, पुसून परत.

लहानपणी आई ज्या घरी भांडी घासायची, तिथे तिचा चहाचा कप बाहेर, कुंडीमागे असायचा. मी सात वर्षांची होते. एकदा तो धुऊन आत नेला, बाकीच्या कपांत ठेवला. त्या दिवशी आईला घरातलं प्रत्येक भांडं पुन्हा घासावं लागलं. मग तिने कप परत कुंडीमागे ठेवला.

चाळीस वर्षं झाली. मी विमानाने आले. कपही आला.

मुलीला टिपा दाखवल्या. तिने दोनदा वाचल्या. "मम, लेट इट गो. हू विल ड्राइव्ह यू?"

प्रश्न बरोबर होता. शुक्रवारी तिसरी केमो होती.

बुधवारी वैशाली आली. पुन्हा प्लॅस्टिक.

"आत ये," मी म्हटलं. "दोन ताटं घेतलीत. बरोबर जेवू."

"अगं, उपास आहे."

"उपास मंगळवारचा. आज बुधवार."

ती हसली. "तू पण ना! आजारपणातही हिशोब."

"अठरा गुरुवार, वैशाली. टिपा वाचल्या मी."

हसू थांबलं. तिने रस्त्याकडे पाहिलं. "ते अगं… अनुजाच्या सासूबाई होत्या तेव्हा इथे. त्यांचं सोवळं. आपल्याला कुठे काय असतं?" मग आवाज मऊ केला. "ते जाऊ दे. शुक्रवारी किती वाजता निघायचं?"

मला कळलं. तोंड बंद, तर गाडी.

भीती होती. गाठीची नाही. पार्किंगमध्ये गुंगीत एकटी उभी असण्याची.

"तू येऊ नकोस," मी म्हटलं. "आणि हा डबा ने."

तिने हात पुढे केला. मी डबा पायपुसण्यावर ठेवला.

मग हॉस्पिटलला फोन. ते नाव काढा. नर्स म्हणाली, "नो वरीज. दुसरं कुणाचं लिहू?" कुणाचंच नाही, मी म्हटलं. ती स्वयंसेवकांची गाडी मिळते का बघते म्हणाली. खात्री नाही. मिळाली नाही तर केमो पुढे जाईल.

आज गुरुवार. अजून फोन नाही.

ती टीप मी पुन्हा उघडली आणि शीट मंडळाच्या सगळ्या घरांना पाठवली. त्रेचाळीस घरं. एकोणचाळिसांनी पाहिली. उत्तर एकाचंही नाही.

स्कॅनमध्ये काय निघेल ते निघेल. माझ्या घरी जेवण येईल ते परत न्यायच्या भांड्यात येईल, नाहीतर येणार नाही. टीप उघडीच राहील. मी नसले तरी. पासवर्ड मुलीला दिला आहे.