इनक्युबेटरचा दसरा

पेशी आणि जनुक उपचार या विषयात मी पदव्युत्तर शिक्षण घेते आहे, हे भोपाळच्या आमच्या तुलसी नगरात कुणालाच धड समजावून सांगता येईना. सचिवालयातून निवृत्त झालेल्या बाबांनी स्वतःपुरता मार्ग काढला. "डॉक्टरच आहे, फक्त हिचे पेशंट बाटलीत असतात," असं ते सांगायचे. ऐकणारा मान डोलवायचा आणि मग मुद्द्यावर यायचा, की लग्नाचं कुठवर आलं?

माझ्या बाटलीत मात्र खरंच एक पेशंट होती, माझी धाकटी मावसबहीण. तिचे वडील, म्हणजे काका, कारखान्यात कामाला, घर इंद्रपुरीला. तिला जन्मापासून सिकलसेल. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, नसांत अडकतात आणि हाडं ठणकायला लागतात. विदर्भातून आमची माणसं इकडे आली तेव्हा पाटा-वरवंटा आणला, कुलाचार आणले आणि न सांगता हेही आणलं. शाळेची सहल, बारावीचा पेपर, सख्ख्या भावाचं लग्न, सगळं तिने हॉस्पिटलच्या खाटेवरून ऐकलं. त्यावर तिचं म्हणणं, "फोटोत माझ्याशिवाय सगळे छान दिसतात."

माझ्या प्रबंधासाठी तिच्याच रक्तातल्या मूळ पेशी घ्यायचं ठरलं. जनुकातली चूक दुरुस्त करायची, त्या पेशी वाढवायच्या आणि त्यांच्यापासून तयार होणाऱ्या तांबड्या पेशी गोल राहतात का ते पाहायचं. हा तिच्यावरचा उपचार नव्हता. त्या पेशी बाटलीतच राहणार होत्या. हे मी तिला दहा वेळा सांगितलं. तरी तिचा फोन यायचा.

"ताई, माझे सेल्स कैसे हैं? जेवतात ना नीट?"

"तुझ्यापेक्षा बरे जेवतात. दिवसाआड ताजं लागतं."

"नखरे तर बघा यांचे!"

पहिल्या काही खेपा वाया गेल्या, राखून ठेवलेल्या पेशीही त्यातच संपत आल्या. मग उरलेल्या शेवटच्या पेशींची खेप साधली. प्राणवायू कमी झाला की एरवी अशा पेशी वाकतात; या वाकल्या नाहीत, गोलच्या गोल राहिल्या. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मी रडायला लागले. मागून माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "रोना है तो बाहर जाकर रोओ. यहाँ कंटैमिनेशन होगा."

सर स्वच्छतेच्या बाबतीत कडवे होते. सर्दी झालेल्याला दारातून परत पाठवायचे, मनगटावरचा देवाचा गंडा कात्रीने कापायला लावायचे. आईच्या सोवळ्याला मी आयुष्यभर हसले, पण सरांपुढे आई फारच उदार वाटली असती.

मग दसरा आला. सरांचे वडील काकांच्याच कारखान्यात टर्नर होते. लेथच्या यंत्रावर दर दसऱ्याला हळद-कुंकू वाहिलेलं पाहतच सर मोठे झाले. "मशीन की पूजा नहीं होगी तो मशीन काम क्यों करेगी?" असा त्यांचा बिनतोड सवाल. नारळ बाहेर कॉरिडॉरमध्ये फुटला. तेवढी शास्त्रीय दृष्टी आम्ही पाळली. पेशी उबवायच्या इनक्युबेटरला कुंकवाचं बोट लागलं आणि दाराच्या मुठीला झेंडूचा घसघशीत हार चढला.

हार चढवला एका मिनिटात, पण उतरवणार कोण? देवाचा हार, आपल्या हाताने कसा काढायचा? मी विचारलं तर सर म्हणाले, "सूखने दो, फिर विसर्जन करेंगे." झेंडू सावकाश सुकत राहिला. आम्ही रोज हातमोज्यांवर स्पिरिट फवारायचो, मग त्याच हातांनी हार अदबीने बाजूला सारायचो आणि दार उघडायचो.

एका सकाळी बाटलीतलं पाणी गढूळ दिसलं. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे लांबच लांब धागे. पेशी मेल्या होत्या. नियमाप्रमाणे त्यांच्यावर ब्लीच ओतावं लागलं, तेही मलाच.

सरांनी मीटिंग घेतली. मास्क न लावता कोण आलं होतं? बूट कोणाचे? हार सगळ्यांसमोर लोंबत होता आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या बुटांकडे बघत होता. शेवटी सगळा दोष भोपाळच्या दमट हवेवर गेला. दुसऱ्या दिवशी मुठीवर हार नव्हता. विसर्जन झालं असणार.

मावसबहिणीला फोनवर सांगणं जमेना, म्हणून इंद्रपुरीला गेले. ती नुकतीच एका दुखण्यातून उठली होती. गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी घेऊन बसली होती. मावशी चहा ठेवायला आत गेली. धीर द्यायची दोन-तीन वाक्यं मी रस्ताभर घोकली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. हाराची सगळी हकिगत सरळ सांगून टाकली.

हारापाशी ती हसली, पोट धरून हसली. मग म्हणाली, "पण ताई, ठीक झाल्या होत्या ना त्या? पक्का?"

"पक्का. एकही वाकडी नव्हती."

"कितने दिन?"

"महिनाभर तरी."

"सलग?"

"हो, सलग."

तिने पिशवी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली.

"मग चांगलं जगल्या गं त्या," ती म्हणाली. "मी तर अजून एवढे दिवस सलग बरी राहिलेच नाही."